भिक्षा, विमा आणि हक्क

मराठी कुटुंबांत ‘पेन्शन’ हा शब्द इतका घरचा झाला आहे कीं, तो परकीय आहे याची मुद्दाम आठवण करावी लागते. महिन्याच्या आरंभीं बँकेच्या दारांत कापडी पिशवी घेऊन उभे असलेले आजोबा, दर नोव्हेंबरांत हयातीच्या दाखल्यासाठीं होणारी धांदल, मुलगी पाहतांना ‘मुलाचे वडील पेन्शनर आहेत ना?’ अशी हळूच होणारी चौकशी, हीं सर्व आपल्या मध्यमवर्गाच्या परिचयाचीं चित्रें आहेत. परंतु या शब्दाशीं महाराष्ट्राची पहिली ठळक ओळख झाली ती एका पराभवाच्या प्रसंगीं. १८१८ च्या जूनमध्यें दुसरा बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. राज्य गेलें आणि त्याच्या बदली वर्षाला आठ लक्ष रुपयांची नेमणूक घेऊन पेशवे ब्रह्मावर्तास जाऊन राहिले. १८५१ च्या जानेवारींत बाजीराव वारले. नेमणूक पुढें चालावी म्हणून दत्तकपुत्र नानासाहेबांनीं थेट विलायतेपर्यंत दाद मागितली. परंतु ती नेमणूक मृत पेशव्यांपुरतीच होती असें सांगून सरकारनें ती बंद केली. त्यानंतर सहा वर्षांनीं काय घडलें तें शाळेंतलीं मुलेंही जाणतात.

राजाची नेमणूक आणि श्रमजीवी मनुष्याचें वार्धक्यवेतन या दोन गोष्टी एका तागडींत घालण्यासारख्या नाहींत, हें उघड आहे. तथापि या प्रसंगांत जो प्रश्न आहे तोच पुढें युरोपांत आणि आपल्याकडे निरनिराळ्या रूपांनीं उभा राहिला : जें मिळतें ती देणाऱ्याची कृपा कीं घेणाऱ्याचा हक्क? कृपा असेल तर ती केव्हांही आवरतां येते. हक्क असेल तर तो कोणाच्या कष्टांवर, कोणाच्या पैशावर आणि कोणत्या अटींवर उभा आहे तें सांगावें लागतें. म्हातारपण व आजारपण यांविषयींच्या राजनीतीचा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाला मिळालेल्या उत्तरांचा इतिहास होय, असें प्रस्तुत लेखकास वाटतें. त्यांतील कांहीं प्रमुख मुक्काम येथें पाहावयाचे आहेत.

इंग्लंडांत एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दींतील १६०१ च्या कायद्यानें निराधारांचा भार त्या त्या धर्मग्रामावर, म्हणजे पॅरिशवर, टाकला होता. गांवानें कर द्यावा आणि गांवच्या अनाथांना पोसावें, अशी ती व्यवस्था होती. यंत्रयुग आलें, खेड्यांतील माणसें शहरांत लोटलीं आणि करदात्यांना हा खर्च जड वाटूं लागला. तेव्हां १८३४ सालीं नवा कायदा झाला. त्याचें सूत्र असें होतें कीं, मदत घेणाऱ्याची स्थिति अगदीं खालच्या दर्जाच्या स्वतंत्र मजुरापेक्षांही कमी सुखाची असली पाहिजे. नाहीं तर लोक आळशी होतील. या सूत्रांतून ‘वर्कहाउस’ नांवाची संस्था वाढीस लागली. आंत गेलेल्या नवराबायकोस निरनिराळ्या दालनांत ठेवीत, अंगावर संस्थेचा पोशाख येई आणि मतदानाचा अधिकार जाई. सूत्र धडधाकट माणसास धाक बसावा म्हणून काढलेलें. परंतु त्याचा जाच सोसला तो ज्यांचे हात थकले होते अशा वृद्धांनीं. जन्मभर राबलेल्या मनुष्यास शेवटीं वर्कहाउसची पायरी चढावी लागणें ही इंग्रज गरिबाच्या मनांतली सर्वांत मोठी भीति होती. पुढें चार्ल्स बूथ या व्यापारी गृहस्थानें लंडनच्या दारिद्र्याची वर्षानुवर्षें पाहणी केली. दारिद्र्याचें एक मोठें कारण आळस नसून वार्धक्य हें आहे, असें त्यास दिसून आलें आणि पासष्टीनंतर प्रत्येकास आठवड्याला पांच शिलिंग द्यावे अशी सूचना त्यानें १८९१ सालीं मांडली. त्या काळच्या विचारी लोकांना ती वेडगळ वाटली.

दरम्यान जर्मनींत अगदीं निराळ्या हेतूनें एक निराळा मार्ग निघाला होता. बिस्मार्क हा कांहीं गरिबांचा कैवारी म्हणून प्रसिद्ध नाहीं. १८७८ सालीं त्यानें समाजवाद्यांच्या सभा, संघटना व वर्तमानपत्रें यांवर बंदी घालणारा कायदा करविला. परंतु केवळ दंडुक्यानें मजूर राज्याशीं एकनिष्ठ राहणार नाहीं हें त्या धूर्त मुत्सद्द्यानें ओळखलें. १८८१ च्या नोव्हेंबरांत सम्राट् पहिल्या विल्हेल्मच्या नांवें पार्लमेंटापुढें संदेश वाचला गेला आणि त्याला अनुसरून तीन कायदे झाले : १८८३ चा आजाराच्या विम्याचा, १८८४ चा अपघाताच्या विम्याचा आणि १८८९ चा अपंगत्व व वार्धक्य यांच्या विम्याचा. आजाराच्या विम्याची दोन तृतीयांश वर्गणी मजुरानें व एक तृतीयांश मालकानें द्यावयाची. अपघाताचा सर्व भार मालकावर. वार्धक्याच्या विम्यांत दोघांचा समभाग आणि प्रत्येक पेन्शनमागें सरकारचे वर्षाला पन्नास मार्क. पेन्शनचें वय सत्तर ठरलें. तें पासष्टावर आलें १९१६ सालीं. पासष्टाचा आंकडा बिस्मार्कनें ठरविला असें पुष्कळदां लिहिलें जातें. तें बरोबर नाहीं. कायदा झाला तेव्हां बिस्मार्क स्वतः चौऱ्याहत्तर वर्षांचा होता आणि त्यानंतर वर्षाच्या आंतच त्याला अधिकारपद सोडावें लागलें.

बिस्मार्कचा राजकीय डाव फसला. समाजवादी पक्ष खचला तर नाहींच, उलट वाढला. परंतु डावासाठीं मांडलेला पट मात्र टिकून राहिला. मजूर वर्गणी भरतो आणि म्हणून त्यास मिळणारा पैसा भिक्षा नव्हे, ही कल्पना या कायद्यांनीं जगांत रूढ केली. तिच्यांतच तिची उणीवही होती. ज्याला नियमित मजुरी नाहीं त्याची वर्गणी नाहीं. आणि ज्याची वर्गणी नाहीं त्याचा हक्कही नाहीं. विम्याच्या भिंतीच्या आंत असलेल्यांना मान मिळाला. बाहेर असलेल्यांचें काय, या प्रश्नाला बर्लिनमध्यें उत्तर नव्हतें.

इंग्लंडनें प्रथम दुसरी वाट धरली. आस्क्विथनें तयारी केलेला आणि लॉईड जॉर्जनें पार पाडलेला वार्धक्यवेतनाचा कायदा १९०८ सालीं मंजूर झाला. वर्गणी कांहीं नाहीं. सर्व पैसा सरकारी तिजोरींतून. वय सत्तर पूर्ण, वार्षिक उत्पन्न एकवीस पौंडांच्या आंत, कीं आठवड्याला पांच शिलिंग. १ जानेवारी १९०९ रोजीं पहिलें वाटप झालें आणि मार्चअखेर सुमारें साडेसहा लाख वृद्धांचीं नांवें पटावर आलीं. या कायद्यांतील एक बारीक गोष्ट विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे. वेतन वाटण्याचें काम अनाथव्यवस्थेच्या अधिकाऱ्यांकडे न देतां तें पोस्टाकडे सोंपविण्यांत आलें. पोस्टांत सर्व प्रकारचीं माणसें जातात. तेथें जाण्यांत लाज नाहीं. ज्या म्हातारीनें वर्कहाउसच्या भीतीनें उपास काढले असते ती आतां तिकिटें घेणाऱ्यांच्या रांगेंत उभी राहून आपले पांच शिलिंग घेऊं लागली. कायद्याचे हेतु कितीही थोर असले तरी माणसास खरें सुख किंवा दुःख होतें तें अंमलबजावणीच्या खिडकीपाशीं, हें त्या कायदेकारांनीं ओळखलें होतें.

याच कायद्यामुळें आयर्लंडांत एक मजेदार अडचण उभी राहिली. तेथें सर्वांच्या जन्माची सरकारी नोंद १८६४ सालापासून सुरू झालेली. तेव्हां १९०९ मध्यें सत्तर वर्षांच्या झालेल्या मनुष्यानें वय सिद्ध करावें कसें? ६ जानेवारी १८३९ च्या रात्रीं त्या बेटावर एक भयंकर वादळ झालें होतें. ‘मला त्या मोठ्या वाऱ्याची आठवण आहे’ असें सांगणें हाच कित्येकांचा वयाचा पुरावा ठरला. आणि मग ती आठवण अपेक्षेपेक्षां बऱ्याच अधिक लोकांना होऊं लागली. आपल्याकडेही ‘प्लेगच्या सालीं मी पाळण्यांत होतों’ असें सांगून वय ठरविणारीं माणसें होतींच. तात्पर्य इतकेंच कीं, हक्क देण्यापूर्वीं राज्याला आपल्या प्रजेची मोजदाद ठेवावी लागते. आणि जीं माणसें मोजलींच गेलीं नाहींत तीं पुष्कळदां हक्कालाही मुकतात.

वेतनाचा खर्च भागविण्यासाठीं लॉईड जॉर्जनें १९०९ सालीं धनिकांवर कर बसविणारें अंदाजपत्रक मांडलें. उमरावांच्या सभेनें तें फेटाळलें. १९१० या एका वर्षांत दोन निवडणुका झाल्या आणि १९११ च्या कायद्यानें उमरावांचा आर्थिक विधेयकें अडविण्याचा अधिकार संपला. म्हाताऱ्यांच्या पांच शिलिंगांचा हिशेब करतां करतां एका प्राचीन राज्यघटनेचें रूप पालटलें असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

मात्र आजारपणाच्या बाबतींत लॉईड जॉर्ज जर्मनीकडे वळला. १९०८ सालीं तो स्वतः तेथें जाऊन ती व्यवस्था पाहून आला होता. १९११ च्या राष्ट्रीय विम्याच्या कायद्यानें पुरुष मजुरानें आठवड्यास चार पेनी, मालकानें तीन आणि सरकारनें दोन अशी वर्गणी ठरली. ‘चार पेनींत नऊ पेनी’ ही घोषणा त्यावरूनच निघाली. विरोध सर्व बाजूंनीं झाला. डॉक्टरांना आपण सरकारचे चाकर होऊं अशी भीति वाटली. मोलकरणींच्या पुस्तकांवर तिकिटें चिकटवावीं लागणार म्हणून प्रतिष्ठित गृहिणींनीं लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्यें निषेधाची सभा भरविली. तरीही कायदा अमलांत आला. आजारी मजुरास पैसे व यादींतील डॉक्टरचें औषध मिळूं लागलें. परंतु त्याच्या बायकोस व मुलांस त्या डॉक्टरकडे जातां येत नव्हतें आणि क्षयासारखे थोडे रोग सोडले तर रुग्णालयाचा खर्चही त्यांत धरलेला नव्हता. कुटुंबांत जी व्यक्ति शेवटीं जेवते आणि सर्वांत उशिरां औषध घेते, तीच विम्याच्या बाहेर राहिली. ही बर्लिनचीच भिंत, फक्त लंडनमध्यें उभारलेली.

ही भिंत मोडण्याचा आराखडा दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धुमश्चक्रींत तयार झाला. त्याचा कर्ता विल्यम बेव्हरिज हा १८७९ सालीं बंगालमधील रंगपूर येथें जन्मलेला. बाप सनदी नोकर आणि आई ‘बाबरनाम्या’चें इंग्रजी भाषांतर करणारी विदुषी. १९४२ च्या डिसेंबरांत प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालानें दारिद्र्य, रोग, अज्ञान, गलिच्छपणा आणि बेकारी या पांच राक्षसांशीं राष्ट्रानें लढावें असें सांगितलें. सरकारी अहवाल म्हणजे धूळ खात पडावयाची वस्तु. पण या अहवालाच्या व त्याच्या संक्षेपाच्या मिळून सहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. युद्धानंतर वेल्समधील एका खाणकामगाराचा मुलगा अॅन्यूरिन बेव्हन आरोग्यमंत्री झाला आणि ५ जुलै १९४८ रोजीं राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. डॉक्टर, रुग्णालय, औषध, चष्मा, दांत, सर्व कांहीं विनामूल्य. वर्गणीच्या पुस्तकाची चौकशी नाहीं, उत्पन्नाची नाहीं, नवऱ्याच्या नोकरीचीही नाहीं. पहिल्या वर्षीं चष्म्यांची व कवळ्यांची मागणी सर्व अंदाजांच्या पलीकडे गेली. टीकाकार त्याला उधळपट्टी म्हणाले. वस्तुतः वर्षानुवर्षें न दिसतां व न चावतां दिवस काढलेल्या लोकांचा तो सांचलेला हिशेब होता. परंतु हिशेब हा हिशेबच. १९५१ सालीं कवळ्या व चष्मे यांवर शुल्क बसलें आणि बेव्हननें मंत्रिपदाचा राजीनामा दिला. हक्क मान्य झाल्यावरही त्याची किंमत कोणी व किती द्यावयाची हा वाद संपत नाहीं, हें या प्रसंगानें दाखविलें.

आतां आपल्या देशाकडे वळूं. बेव्हरिजचा अहवाल ताजा असतांनाच हिंदुस्थानांत दोन समित्यांचें काम चालू होतें आणि दोहोंशीं महाराष्ट्राचा संबंध होता. १९४३ सालीं नेमलेल्या आरोग्य-पाहणी समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशिकचे. त्यांच्या समितीनें १९४६ सालीं दिलेल्या अहवालांतील आंकडे आजही अंगावर कांटा आणतात. हजार मुलें जन्मलीं तर १६२ एक वर्षाचीं होण्यापूर्वींच दगावत. सुमारें ६,३०० लोकांमागें एक डॉक्टर, आणि तोही बहुधा शहरांत. पैसे नाहींत म्हणून कोणालाही योग्य उपचार नाकारला जाऊं नये, हें समितीनें आपल्या योजनेचें पहिलें तत्त्व मानलें. नजीकच्या काळासाठीं चाळीस हजार वस्तीस एक प्राथमिक आरोग्यकेंद्र असावें आणि पुढें वस्तीचें हें प्रमाण पुष्कळ खालीं आणावें, अशी शिफारस तिनें केली. आज तालुक्यांच्या गांवोगांवीं दिसणारीं प्राथमिक आरोग्यकेंद्रें हीं या कल्पनेचींच अपत्यें होत. तीं १९५२ पासून निघूं लागलीं.

दुसरें काम प्रा. बी. पी. आडारकर यांचें. डॉ. आंबेडकर हे व्हाइसरॉयच्या मंडळांत मजूरखात्याचे सभासद असतांना, १९४३ सालीं, कारखान्यांतील कामगारांच्या आजारविम्याची योजना आंखण्यास आडारकरांना सांगण्यांत आलें आणि १९४४ च्या ऑगस्टांत त्यांनीं अहवाल दिला. त्यांना कौतुकानें ‘छोटा बेव्हरिज’ म्हटलें गेलें. या पायावर १९४८ चा कामगार राज्य विम्याचा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजीं कानपूर व दिल्ली येथें योजनेस आरंभ झाला. मुंबईंत ती १९५४ सालीं आली आणि येथें तिनें लॉईड जॉर्जच्या पद्धतीप्रमाणें खासगी डॉक्टरांच्या याद्या केल्या. गिरणगांवांतील कित्येक चाळींच्या तळमजल्यावर अशा डॉक्टरचा दवाखाना असे. पुस्तक दाखवावें आणि औषध घ्यावें. कामगाराच्या कुटुंबालाही पुढें तिचा लाभ मिळूं लागला.

या दोन अहवालांत दोन वाटा होत्या. भोरांची वाट बेव्हनची : कराच्या पैशांतून सर्वांना सेवा. आडारकरांची वाट बिस्मार्कची : वर्गणी भरणाऱ्या कामगारास विमा. वस्तुतः दोन्ही वाटांची सांगड घालावयास हवी होती. पण घडलें असें कीं, विमा कारखान्याच्या फाटकाशीं थांबला आणि सार्वजनिक सेवा पैशाच्या टंचाईनें अर्धपोटीं राहिली. शेतमजूर, बांधकामावरचा बिगारी, घरकाम करणारी बाई, फेरीवाला, म्हणजे देशांतील बहुसंख्य श्रमिक, दोहोंच्या मधल्या मोकळ्या जागेंत उभे राहिले.

वार्धक्याच्या बाबतींतही तेंच. सरकारी नोकराचें पेन्शन ही कृपा नसून केलेल्या सेवेचा राखून ठेवलेला मोबदला आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें १७ डिसेंबर १९८२ रोजीं नकारा यांच्या खटल्यांत स्पष्ट सांगितलें. त्या घटनापीठाचे प्रमुख सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड हे आपल्या पुण्याचेच. ब्रह्मावर्तास अनुत्तरित राहिलेल्या प्रश्नाला एकशें एकतीस वर्षांनीं असें उत्तर मिळालें. परंतु तें उत्तर ज्याच्या सेवेची नोंद सरकारी पुस्तकांत आहे त्याच्यापुरतें होतें. ज्याची नोंद नाहीं त्याच्यासाठीं महाराष्ट्रानें १९८० सालीं निराधारांच्या अनुदानाची योजना काढली आणि केंद्रानें १९९५ सालीं राष्ट्रीय वार्धक्य-पेन्शन सुरू केलें. केंद्राचा वांटा प्रथम दरमहा ७५ रुपये होता. २००६ सालीं तो २०० रुपये झाला. राज्यें त्यांत आपली भर घालतात हें खरें. तरीही इंग्लंडनें महागाई वाढल्यावर १९१९ सालीं पांचाचे दहा शिलिंग केले, हा दाखला येथें आठवल्यावांचून राहत नाहीं. किंमती चढत असतां जो हक्क जागच्या जागीं उभा राहतो तो प्रत्यक्षांत मागें सरत असतो.

दुसऱ्या टोकास सरकारी पेन्शनच्या वाढत्या खर्चाची चिंता आहे आणि ती खोटी नाहीं. आयुर्मान वाढलें, तीस वर्षें नोकरी आणि पंचवीस वर्षें पेन्शन असा हिशेब पडूं लागला. म्हणून १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या नव्या नोकरांसाठीं आणि १ नोव्हेंबर २००५ पासून महाराष्ट्राच्या नव्या नोकरांसाठीं ठराविक पेन्शन जाऊन वर्गणीची पद्धत आली. यांत वर्गणी निश्चित, पण म्हातारपणीं मिळणारी रक्कम बाजाराच्या चढउतारावर. २०२३ च्या मार्चमध्यें जुन्या पेन्शनसाठीं राज्यांतील लाखों कर्मचाऱ्यांनीं सात दिवस संप केला तो याच अनिश्चिततेच्या भीतीनें. १ एप्रिल २०२५ पासून केंद्रानें जी एकत्रित योजना आणली तींत वर्गणी ठेवून, पंचवीस वर्षें सेवा झालेल्यास शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्या रकमेची हमी दिली आहे. म्हणजे लंबक बिस्मार्ककडून किंचित् मागें आला. त्याच सुमारास, २०२४ च्या ऑक्टोबरांत, सत्तर वर्षांवरील सर्व नागरिकांना, त्यांचें उत्पन्न न विचारतां, आयुष्मान भारत योजनेंतून रुग्णालयांतील उपचारासाठीं वर्षाला पांच लाख रुपयांपर्यंतचें संरक्षण देण्यांत आलें. सत्तर हाच आंकडा, आणि उत्पन्नाची चौकशी नाहीं, हे दोन्ही धागे वाचकांच्या ओळखीचे आहेत.

या सर्व वृत्तान्तावरून एक गोष्ट दिसते. कोणत्याही सुधारणेचा न्याय करतांना आपण मध्यमवर्गीय माणसें प्रथम विचारतों : खर्च किती, आणि मला किती मिळणार? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण त्यांच्या आधीं विचारावयाचा प्रश्न असा कीं, भिंतीच्या बाहेर कोण राहिलें? १९११ सालीं अल्बर्ट हॉलमध्यें जमलेल्या गृहिणींना मोलकरणीच्या पुस्तकावर तिकीट चिकटविणें अपमानास्पद वाटलें होतें. आज त्यांचें आपणांस हसूं येतें. परंतु आपल्या घरीं वीस वर्षें भांडीं घांसणाऱ्या बाईच्या म्हातारपणाची तरतूद कोणत्या पुस्तकांत लिहिलेली आहे, हें आपल्यापैकीं कितीजण सांगूं शकतील? पेन्शनर आजोबांच्या नातवंडांनीं हा प्रश्न स्वतःच्या उंबरठ्याच्या आंत एकदां विचारून पाहावा. कायदे पार्लमेंटांत होतात हें खरें. परंतु त्यांची गरज प्रथम कोणाला तरी घरांत जाणवावी लागते.